वर येऊ नका

नोव्हेंबर २००८ चा अखेरचा आठवडा होता. दिवाळीचे वहीपूजन होऊन महिना लोटला होता. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता झाली होती आणि साधू-साध्वीजींचे विहार पुन्हा सुरू झाले होते. बीड, गेवराई, माजलगावच्या बाजारपेठांत कापसाचा हंगाम भरात होता. बुधवारी, २६ तारखेच्या रात्री दुकाने वाढवून व्यापारी घरी आले, दिवसाचा हिशेब लागला, आणि साडेनऊनंतर मुंबईहून बातम्या येऊ लागल्या. प्रथम त्या टोळीयुद्धाच्या वाटल्या. तासाभरात चित्र पालटले. छत्रपती शिवाजी टर्मिनस, लिओपोल्ड कॅफे, ताजमहाल हॉटेल, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाऊस, कामा रुग्णालय अशी नावे एकामागून एक पडद्यावर उमटू लागली.

जिल्ह्यातील व्यापारी घरांना मुंबई कधीच परकी नव्हती. कापडाची खरेदी मुळजी जेठा मार्केटात, किराणा-मसाल्याची मस्जिद बंदरात. कोणाचा मुलगा तेथे शिकायला, कोणाची मुलगी तेथे सासरी. रात्रभर फोन फिरत राहिले. आपली माणसे सुखरूप असल्याचा निरोप ज्यांना मिळाला, त्यांनाही झोप लागली नाही. समुद्रमार्गाने आलेल्या दहा हल्लेखोरांनी पुढच्या तीन रात्रींत १६६ जणांचे प्राण घेतले. एकट्या रेल्वे स्थानकात पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. त्यांपैकी बहुतेक जण गाठोडी-पेट्या घेऊन गाडीची वाट पाहणारे साधे प्रवासी होते.

गुरुवारी सकाळी पडद्यावर काळ्या गणवेशातील जवान दिसू लागले. ते राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो होते. हे दल १९८४ मध्ये स्थापन झाले. त्यातील ‘५१ स्पेशल ॲक्शन ग्रुप’ या तुकडीत सर्व अधिकारी व जवान भूदलातून आलेले असतात. त्यांचा तळ हरियाणातील मानेसर येथे. मुंबईला निघण्याचा आदेश मिळाला तेव्हा त्यांना नेऊ शकेल असे मोठे विमान दिल्लीत नव्हते. ते चंदीगडहून आणावे लागले. सुमारे २०० कमांडो पहाटे पाचनंतर मुंबईत उतरले आणि शहराच्या बेस्ट बसमधून दक्षिण मुंबईकडे निघाले. हल्ला सुरू होऊन तोवर जवळजवळ रात्र सरली होती. त्या रात्रीचा भार मुंबई पोलिसांनी आणि नौदलाच्या मार्कोस कमांडोंनी वाहिला. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर, शशांक शिंदे यांच्यासारखे अधिकारी त्या रात्री कामी आले. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे हाती केवळ काठी असताना गिरगाव चौपाटीजवळ बंदुकीला भिडले. त्यांनी बंदूक सोडली नाही, म्हणून एक हल्लेखोर जिवंत हाती लागला.

मानेसरहून आलेल्या त्या तुकडीत एकतीस वर्षांचे एक अधिकारी होते, मेजर संदीप उन्नीकृष्णन. जन्म १५ मार्च १९७७ रोजी केरळमधील कोळिकोड येथे, बालपण बंगळूरमध्ये. वडील भारतीय अंतराळ संशोधन संस्थेत अधिकारी. सैन्यात जाण्याचे वेड शाळेपासूनचे. १९९५ मध्ये ते पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले. जुलै १९९९ मध्ये बिहार रेजिमेंटच्या सातव्या बटालियनमध्ये त्यांची नेमणूक झाली. पुढे बेळगावच्या कमांडो प्रशिक्षण केंद्रातील ‘घातक’ अभ्यासक्रमात ते पहिले आले. ज्या मातीत मराठी बोलली जाते त्या मातीतच त्यांच्या सैनिकी आयुष्याची पायाभरणी झाली, असे म्हणता येईल. २००७ मध्ये ते राष्ट्रीय सुरक्षा दलात आले आणि तेथे प्रशिक्षणाची जबाबदारी सांभाळू लागले.

ब्रिगेडियर गोविंदसिंह सिसोदिया यांच्या नेतृत्वाखाली दलाने तीन ठिकाणी एकाच वेळी काम सुरू केले. ताजमध्ये १९०३ सालची जुनी वास्तू आणि १९७३ सालचा मनोरा अशा दोन इमारती होत्या, शेकडो खोल्या होत्या, आगीचा धूर होता आणि मार्गिकांत काळोख होता. बाहेर उभ्या असलेल्या लोकांना एकच प्रश्न पडत होता. एवढे प्रशिक्षित जवान, आणि समोर मूठभर हल्लेखोर, तरीही इतका वेळ का लागतो?

याचे उत्तर बंद दारांमागे होते. प्रत्येक खोलीत कोणी तरी दडलेले असण्याची शक्यता होती. त्यात वृद्ध होते, लहान मुले होती, भाषा न समजणारे परदेशी पाहुणे होते. दारावर थाप पडली की आतल्या माणसाला कळत नव्हते, बाहेर रक्षक आहे की मारेकरी. बाहेरच्या जवानालाही कळत नव्हते, दार उघडले तर समोर भेदरलेली माता दिसेल की बंदुकीची नळी. हल्लेखोराला या प्रश्नाचे ओझे नव्हते. समोर येईल त्याला मारायचे, एवढेच त्याचे गणित होते. सैनिकाला मात्र प्रत्येक दारापाशी थांबून ओळख पटवावी लागत होती आणि त्या थांबण्याची किंमत स्वतःच्या जिवाने मोजण्याची तयारी ठेवावी लागत होती. त्या साठ तासांची दिरंगाई वाटलेली गोष्ट बहुतांशी या थांबण्यातून आली. ओबेरॉयमधून शंभराहून अधिक माणसे जिवंत बाहेर आली आणि ताजमधूनही शेकडो जण सुटले, त्यामागे पोलीस, नौदल, हॉटेलचे कर्मचारी आणि हे थांबणारे जवान अशा सर्वांचे श्रम होते.

गुरुवारी रात्री मेजर संदीप दहा कमांडोंसह ताजच्या जुन्या इमारतीत जिन्याने वर गेले. वरच्या मजल्यांवरील अडकलेल्या लोकांना बाहेर काढत तुकडी पुढे सरकत होती. एका ठिकाणी आतून जोरदार गोळीबार झाला आणि एक कमांडो जखमी झाला. मेजरांनी प्रथम त्याला सुरक्षित बाहेर नेण्याची व्यवस्था केली. मग दुसऱ्या मजल्याकडे निसटलेल्या हल्लेखोरांचा त्यांनी स्वतः पाठलाग केला. त्या वेळी त्यांनी सहकाऱ्यांना दिलेला अखेरचा निरोप दलातील अधिकाऱ्यांनी नंतर देशाला सांगितला. ‘वर येऊ नका, त्यांना मी पाहून घेतो’ असा त्याचा आशय होता. २८ नोव्हेंबरला त्यांचा मृतदेह सापडला. त्याच दिवशी नरिमन हाऊसवर हेलिकॉप्टरमधून दोराने उतरलेल्या तुकडीतील हवालदार गजेंदरसिंह बिष्ट यांनीही प्राण दिले. २९ तारखेच्या सकाळी ताजमधील शेवटचा गोळीबार थांबला. २६ जानेवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते मेजर संदीप यांचे मरणोत्तर अशोकचक्र त्यांच्या मातोश्री धनलक्ष्मी यांनी स्वीकारले.

‘वर येऊ नका’ हे तीन शब्द नीट ऐकण्यासारखे आहेत. ते शत्रूला उद्देशून नव्हते. त्यांत आव्हान नव्हते, घोषणा नव्हती. ते पाठीमागच्या माणसांसाठी होते. जो अधिकारी शिकवतो, त्याला आपल्या जवानांची नावे, त्यांची घरे, त्यांच्या सवयी ठाऊक असतात. धोका आणि ती माणसे यांच्यामध्ये आपला देह ठेवावा, एवढा एकच अर्थ त्या निरोपात होता. सैनिकाच्या कर्तव्याचे मोजमाप त्याने किती जणांना मारले यावर करण्याची सवय जगाला आहे. त्या रात्रीची आठवण निराळे माप हाती देते. तो कोणाला आपल्या पाठीशी घालून उभा राहिला, हे ते माप.

अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या कुटुंबांसाठी हा प्रश्न सोपा नाही आणि तो सोपा करूनही घेऊ नये. जैन आचार्यांनी गृहस्थाच्या हातून घडणाऱ्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. ठरवून केलेली ती संकल्पी. स्वयंपाक, झाडलोट, घरकामात घडणारी ती आरंभी. शेती-व्यापारात घडणारी ती उद्योगी. स्वतःचे वा आश्रितांचे रक्षण करताना घडणारी ती विरोधी. यांपैकी संकल्पी हिंसेचा त्याग श्रावकाला अनिवार्य मानला आहे. उरलेल्या तिन्हींत त्याने विवेकाने मर्यादा घालावी, अशी अपेक्षा आहे. विरोधी हिंसा पुण्य आहे, असे धर्म म्हणत नाही. ती गृहस्थाची विवशता आहे, एवढेच म्हणतो. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराची मूर्ती उभारणारे चामुंडराय गंग राजांचे सेनापती होते. रणांगण पाहिलेल्या या माणसाने मूर्ती उभारली ती बाहुबलींची, म्हणजे जिंकूनही शस्त्र टाकून ध्यानात उभ्या राहिलेल्या पुरुषाची. त्या मूर्तीच्या पायाशी चामुंडरायांचे नाव सांगणारा लेख कोरलेला आहे. तो मराठीतील अतिप्राचीन शिलालेखांत गणला जातो.

परंतु दुकानात बसलेल्या माणसाला याहून एक अवघड प्रश्न विचारला पाहिजे. पाप-पुण्याचा विचार करताना जैन परंपरा केवळ ‘कृत’ पाहत नाही. ‘कारित’ आणि ‘अनुमोदित’ यांनाही ती तेवढेच महत्त्व देते. स्वतः केले, दुसऱ्याकडून करविले आणि दुसऱ्याने केलेल्यास मनापासून संमती दिली, अशा तिन्ही वाटांनी कर्म येऊन चिकटते. सीमेवर आणि शहरात जो सैनिक उभा आहे, तो नागरिकांच्या वतीने उभा आहे. त्याच्या भरवशावर दुकाने उघडतात, लग्ने होतात, प्रवचने होतात, साध्वीजी निर्भयपणे रस्त्याने चालतात. तेव्हा ‘आमचे हात स्वच्छ आहेत, शस्त्र त्याच्या हाती आहे’ असे म्हणणे खतावणीतील एक पान फाडून टाळेबंद जुळवण्यासारखे आहे. सैनिकाच्या कर्मात त्याच्या संरक्षणाचा लाभ घेणाऱ्याचा वाटा असतोच.

मग अनुमोदना कशाची करावी? त्या तीन रात्री पडद्यासमोर बसलेल्या अनेकांच्या मनात सूडाचा आनंदही उसळला होता. स्फोट झाला की टाळी वाजे. ही अनुमोदना मृत्यूची होती, मग तो मृत्यू कोणाचाही असो. आणि ‘वर येऊ नका’ या निरोपाने ज्याचे डोळे भरून आले, त्याची अनुमोदना रक्षणाची होती. बाहेरून दोन्ही देशप्रेमासारखी दिसतात. आत मात्र एकीत कषाय असतो, दुसरीत करुणा. लहान मुलांना या घटनेची गोष्ट सांगताना कोणत्या वाक्याशी आवाज चढतो आणि कोणत्या वाक्याशी तो दाटून येतो, यावरून घराला आपली अनुमोदना ओळखता येईल.

त्या रात्रींचा आणखी एक धडा पाहणाऱ्यांसाठी आहे. कमांडो कोठे उतरत आहेत, कोणत्या बाजूने शिरत आहेत, हे वाहिन्या थेट दाखवत होत्या. सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार तीच दृश्ये पाहून हल्लेखोरांना फोनवरून सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालपत्रात या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले आणि २०१५ मध्ये नियम बदलून दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास बंदी घालण्यात आली. दाखवणाऱ्यांचा दोष होताच. पण ती दृश्ये अधिकाधिक मागणारे डोळे घराघरांत होते. तत्त्वार्थसूत्रात हिंसेचा विचार करताना केवळ प्राणहानीवर नव्हे, तर तिच्यामागच्या प्रमादावर बोट ठेवले आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, विवेकाची झोप. आज प्रत्येकाच्या हाती फोन आहे आणि खातरजमा न करता पुढे ढकललेला एक संदेश कोणाच्या तरी घरावर दगड होऊन पडू शकतो. म्हणून अप्रमाद ही आता केवळ साधूंची साधना उरलेली नाही.

या सगळ्याचा बीड जिल्ह्याशी संबंध २०१२ च्या जूनमध्ये अकस्मात जवळून आला. सौदी अरेबियाने भारताच्या स्वाधीन केलेल्या जबीउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल याला अटक झाल्याची बातमी आली आणि तो गेवराईचा असल्याचे देशाला कळले. हल्ला चालू असताना कराचीतील नियंत्रण कक्षात तो उपस्थित होता, असा त्याच्यावर आरोप ठेवण्यात आला. ध्वनिमुद्रित संभाषणात सूचना देणाऱ्या एका आवाजाने ‘प्रशासन’ हा शब्द वापरला होता. सीमेपलीकडच्या बोलण्यात सहसा न येणाऱ्या त्या शब्दानेच तपास अधिकाऱ्यांचे लक्ष वेधून घेतले होते. तहसील कचेरीपासून बाजार समितीपर्यंत रोज कानी पडणारा हा शब्द. ज्या भाषेत येथली माणसे पीककर्ज, पाणी, रस्ता मागतात, त्या भाषेतला शब्द त्या फोनवर उच्चारला गेला होता. मे २००६ मध्ये औरंगाबाद परिसरात सापडलेल्या शस्त्रसाठ्याच्या प्रकरणात मुंबईच्या विशेष न्यायालयाने २०१६ मध्ये त्याला दोषी ठरवून जन्मठेप सुनावली.

गेवराई तालुक्याला इतिहास आहे. गोदाकाठच्या राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवरावांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला. शनीच्या दर्शनाला आजही दूरदूरचे लोक तेथे येतात. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, मराठवाड्यावर भीषण दुष्काळाचे सावट उतरत होते, आणि अशात गावाचे नाव देशभर गेले ते एका आरोपीच्या नावामागे लागून. त्या दिवसांत प्रत्येक गावकऱ्याची कसोटी होती. एका माणसाच्या करणीचे नावे त्याच्या गल्लीच्या, त्याच्या नातलगांच्या, त्याच्या धर्माच्या खात्यावर टाकणे अगदी सोपे होते. व्यापाऱ्याला हे अधिक स्पष्टपणे कळायला हवे. एका कुळाची थकबाकी दुसऱ्याच्या खात्यावर चढवणारी वही न्यायालयातही टिकत नाही आणि समाजातही टिकत नाही. कर्मसिद्धांत तर याहून कठोर आहे. ज्याचे कर्म त्यालाच भोगायचे असते. ज्या दुकानदाराने त्या आठवड्यातही जुन्या मुसलमान गिऱ्हाइकाला नेहमीसारखे ‘या, बसा’ म्हटले असेल, त्याने नकळत त्या सूत्रधारांचा एक डाव उधळला. कारण हल्ल्याचा हेतू माणसे मारणे एवढाच नव्हता, जिवंत माणसांत भिंत उभी करणे हाही होता.

कर्तव्याची ही जात केवळ गणवेशात सापडते असे नाही, हेही त्याच रात्रीने दाखवले. छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये उद्घोषक विष्णू झेंडे यांनी गोळीबार पाहून ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सावध केले, बाहेर पडण्याची दिशा सांगितली आणि असंख्य जीव वाचवले. ताजचे सरव्यवस्थापक करमबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुले सहाव्या मजल्यावरील आगीत गेली, तरी ते पाहुण्यांना बाहेर काढण्याच्या कामातून हलले नाहीत. स्वयंपाकघरातील आणि सेवेतील कर्मचारी अतिथींसमोर ढाल होऊन उभे राहिले आणि त्यांतील अनेक जण परत आले नाहीत. झेंडे यांच्या हाती ध्वनिक्षेपक होता, कर्मचाऱ्यांच्या हाती तर काहीच नव्हते. ‘तुम्ही मागे राहा’ असे म्हणण्यासाठी बंदूक लागत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. पेढी चालवणाऱ्या घरांनी या उदाहरणाचा विचार करावा. आपल्या दुकानातील नोकर, हमाल, दिवाणजी यांच्यावर संकट आले तर मालक त्यांच्या पुढे उभा राहील की मागे, हा प्रश्न तलवारीचा नाही, तरी वीरत्वाचा निश्चित आहे.

हल्ल्याला दोन वर्षे होत आली तेव्हा, २०१० मध्ये, मेजर संदीप यांचे वडील के. उन्नीकृष्णन दिल्लीच्या इंडिया गेटपासून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंत सायकलने आले. साठी ओलांडलेला पिता शेकडो मैल सायकल चालवत त्या वास्तूसमोर येऊन थांबला, जिथे त्याचा एकुलता एक मुलगा जिना चढून गेला होता. पुत्राची आठवण त्यांनी घरात कोंडून ठेवली नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसांपर्यंत ती स्वतःच्या पायांनी नेली.

दरवर्षी २६ नोव्हेंबर येतो. वृत्तपत्रांत छायाचित्रे छापली जातात, मेणबत्त्या लागतात. बीडच्या बाजारपेठेत त्या दिवशीही कापूस येतो, मापे होतात, पट्ट्या लिहिल्या जातात. संध्याकाळी सामायिकाला बसण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना जवळ घेऊन तो अखेरचा निरोप सांगावा. त्यानंतर काही क्षण मौन पाळावे आणि मनात विचारावे, आज दिवसभरात आपण कोणाला पाठीशी घातले. उत्तर लहान असले तरी चालेल. दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्यापूर्वी ते लक्षात असावे, म्हणजे झाले.